महादेवीची जट आणि आपण दोघी

मंगळवारी सकाळी सव्वानऊला तुझ्या भावाचा फोन आला. मी ग्रंथालयात होते. तो म्हणाला, "मित्राताई, वसू गेली. चहा करून खुर्चीत बसली आणि गेली." मी विचारलं, "कधी नेणार?" तो म्हणाला, "चारला." मी रजेचा अर्ज लिहिला, लातूरच्या स्टँडवर गेले आणि नांदेडच्या गाडीत बसले.

त्याला आज सोळा दिवस झाले.

नवव्या दिवशी तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. तुझ्या विभागातल्या तरुण मॅडम बोलल्या. वसुधाबाई गावोगाव फिरल्या, लोकांच्या चुलीपाशी बसल्या, पण त्यांना सांगितलेली गोष्ट कधी बाहेर गेली नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्या मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या, "एकदा गेली होती म्हणतात. निलंग्याकडच्या त्या पोरीची. पेपरात फोटोच आला होता." शेजारणीनं त्यांना कोपर मारलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, म्हटलं, "वसुधा आणि मी तीस वर्षं मैत्रिणी होतो," आणि खाली बसले. लोकांना वाटलं, माझा कंठ दाटून आला. नव्हता आला, वसू. एक वाक्य घशाशी आलं होतं आणि ते मी गिळलं. त्या पोरीची बातमी वसुधानं बाहेर दिली नाही, मी दिली. एवढंच ते वाक्य.

सहा वर्षं ते तुला सांगायचं होतं. आता सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

एम.ए.ला एक प्रश्न ठरलेला असायचा. सांस्कृतिक सापेक्षतावादाचे गुणदोष सांगा. पंधरा मार्कांचा. कुठल्याही समाजाच्या चालीरीती त्या समाजाच्या आतून समजून घ्याव्यात, बाहेरचं माप लावून त्यांना चांगलं-वाईट ठरवू नये, अशी ती मांडणी. तू चार पानं नुसते गुण लिहिलेस. मी चार पानं नुसते दोष. सरांनी दोघींना सारखेच मार्क दिले आणि वर्गात म्हणाले, "या दोघींनी मिळून एक उत्तर लिहिलंय, अर्धं अर्धं." वर्ग हसला. आपण होस्टेलच्या मेसमध्ये ताटं हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलो आणि पुन्हा भांडायला लागलो. वाढणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आधी भाजी घ्या, मग जगाचं बघा."

माझ्या बाजूला माझं घर होतं. आमच्या आज्याला गावच्या आडावर पाणी शेंदू देत नसत. त्यासाठी त्याला कुणी मारत नसे, शिव्याही देत नसे. फक्त म्हणत, "बाबा, रिवाज हाय." आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला तर वडील जेवणावरून उठत. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तो या एका शब्दातून बाहेर पडायला, असं ते म्हणत. मी तुला म्हणाले होते, कुणी विद्वान येऊन आमच्या गावाला आतून समजून घेत बसला असता, तर आम्ही अजून आडाच्या कडेला रिकामी घागर घेऊन उभे असतो.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना म्हणालीस, "माझ्या पणजीचा नवरा गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. न्हाव्याला बोलावलं, ओसरीवर बसवलं आणि तिचे केस काढले. माणसं जमली होती. सगळी तिच्या भल्याचंच बोलत होती."

"मग तू माझंच म्हणणं मांडतेस," मी म्हटलं. "तो तुमच्यातला रिवाजच होता."

"नाही. मी वेगळं म्हणते. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणाऱ्याला आपण बरोबर आहोत असं फार वाटत असतं. आतला असो की बाहेरचा. मला त्या वाटण्याची भीती वाटते."

या वाक्याला मी तेव्हा नुसती मान हलवली होती. त्याचा अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

तू पहिल्यांदा आमच्या गावी आलीस तेव्हा वही घेऊन आली होतीस. आईनं तुला भाकरी आणि येसराची आमटी वाढली. जेवण झाल्यावर तू वही उघडलीस आणि विचारलंस, "मावशी, तुमच्यात लग्नात काय काय करतात?" आईनं पदर खोचला, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तुमच्यात काय करतेत ते आधी तू सांग. मंग मी सांगते." मला वाटलं तू ओशाळशील. तू वही मिटलीस आणि तासभर सांगत बसलीस. पणजीचंही सांगितलंस. आई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हंजे तुमच्यातबी बाईचंच मरन हाय की." मग ती बोलायला लागली आणि संध्याकाळपर्यंत थांबली नाही. तिनं त्या दिवशी जे सांगितलं त्यातलं निम्मं मीसुद्धा कधी ऐकलेलं नव्हतं.

त्या मुक्कामात मी तुला आजीच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगितलं. तिला लहानपणी देवीला सोडलं होतं. घरानं धम्म घेतला, देव्हाऱ्यातले देव ओढ्यात नेऊन सोडले, तेव्हा ती गळ्यातले मोती काढायला तयार होईना. मग ती घरात राहिली नाही. कुठे गेली, कुणी सांगत नसे. मी हे सांगितलं ते देवीला पोरी सोडणं किती वाईट हे दाखवायला. तू विचारलंस, "नाव काय होतं तिचं?" मला माहीत नव्हतं. मी जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "चंद्रा." आणि मग म्हणाली, "किती वर्सांनी कुनी इचारलं."

वसू, तुझ्या बाजूचे गुण मला पुस्तकातून कधी पटले नाहीत. ते त्या एका प्रश्नातून पटले. आमच्या घरानं बरोबर केलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण बरोबर करताना एक बाई दारातून बाहेर गेली आणि तिचं नावसुद्धा आम्ही पुढच्या पिढीला दिलं नाही. हे तुझ्यामुळे कळलं. नुसती माझ्यासारखीच माणसं भोवती असती तर कळलं नसतं.

सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात तू लातूरला आलीस आणि म्हणालीस, "चल माझ्याबरोबर. निलंग्याच्या पलीकडे जायचंय. तुला तिकडची बोली येते." जट आलेल्या बायांवर तू काम करत होतीस. केसांत आपोआप गुंता होतो, तो सुटत नाही, वाढत जातो. लोक त्याला देवीचं बोलावणं मानतात. त्याला फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही. मुलगी असेल तर पुढे एखाद्या पौर्णिमेला तिच्या गळ्यात देवीचे मोती बांधायचे. म्हणजे ती देवीची झाली, तिचं लग्न होणार नाही. कायद्यानं हे बंद आहे. गावात कायद्याला कुणी विचारत नाही.

काशीबाईंच्या घरात आपण दुपारी पोचलो. पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांची म्हातारी सासू, जिला सगळे अव्वा म्हणत, भिंतीपाशी बसली होती आणि तिची जट मांडीवर गुंडाळून ठेवलेली होती. हळद लावलेली. तेरा वर्षांची महादेवी दाराच्या आडोशाला होती. ती एका हातानं सारखी मानेमागचा भार उचलून धरत होती. हात दुखला की दुसरा हात.

"कधीपासून आली ताई जट?" तू विचारलंस.

"पाडव्याच्या टायमाला. आधी मानंमागं सुपारीएवढी गाठ होती," काशीबाई म्हणाल्या. "मी फनी लावायला गेले तर पोरगी बोंबलली. अव्वा मनली, हात लावू नको, देवीचं हाय."

"आणि शाळा?"

"शाळंत पोरी शेजारी बसंनात. वास येतोय मनत्यात. मंग ऱ्हाते घरीच."

"मोती कधी बांधायचे?"

काशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "ही माझी मैत्रीण आहे. घरातलं घरात राहील, ताई. माझा शब्द." मग त्या म्हणाल्या, "मार्गशीर्षाच्या पुनवंला."

तू महादेवीला जवळ बोलावलंस. "तुला काय वाटतं गं?" तिनं आईकडे पाहिलं, अव्वाकडे पाहिलं. "देवीची मर्जी हाय तर ऱ्हाऊ दे," म्हणाली. तू ते लिहून घेतलंस. निघताना काशीबाईंनी आपल्याला भाकरी बांधून दिली. तू गाडीत ती खाल्लीस. मी नाही खाल्ली. मला तो हात दिसत होता.

"तिनं स्वतः सांगितलं," तू म्हणालीस.

"तेरा वर्षांची आहे ती."

"तेराव्या वर्षी तुला मत नव्हतं?"

"मला शाळा होती."

"तिच्या थोरल्या बहिणीचं काय झालं माहीत आहे? चौदाव्या वर्षी लग्न. दिवाळी झाली की घरातले सगळे ऊसतोडीला जातात. वयात आलेली पोरगी मागं कुणापाशी ठेवायची, म्हणून लग्न उरकून टाकतात. जटेच्या पोरीला कुणी मागणी घालत नाही. ती अव्वापाशी राहते. मित्रा, उद्या ती जट काढलीस, तर परवा काय, ते सांग."

"मोती बांधल्यावर परवा काय, ते तू सांग."

तू खिडकीबाहेर पाहिलंस. "मला अजून माहीत नाही," म्हणालीस. "म्हणून जाते. अजून चारदा जाईन. काशीबाईंच्या मनात आहे काहीतरी. फणी लावायला गेले म्हणाल्या ना? ती फणी परत त्यांच्याच हातात यायला पाहिजे."

"आणि पौर्णिमा?"

"चार महिने आहेत."

"चार महिने ती मान धरून बसणार."

समोरच्या बाकावर टोपली घेतलेली एक बाई आपल्याकडे बघत होती. "जावा-जावा हाव का गं तुमी?" तिनं विचारलं. तू म्हणालीस, "हो मावशी. ही थोरली." बाई म्हणाली, "वाटलंच. थोरलीचं त्वांड चालायलंय." औसा येईपर्यंत तू हसत होतीस. मी हसले नाही.

पंधरा दिवसांनी आमच्या ग्रंथालयात एक वाचक आले. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात ते होते. मासिकं चाळत बसत. चांगले गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल माझं आजही काही म्हणणं नाही. मी त्यांना म्हटलं, एका मुलीबद्दल सांगायचंय. चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं, वस्ती लिहिली, आईचं नाव लिहिलं. वाचकाला पुस्तकाचा क्रमांक लिहून देते, तसं. फक्त म्हटलं, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

ते चार-पाच जण दसऱ्याच्या आधी गेले. बरोबर फोटो काढणारा होता, एक पोलीस होता. शाळेच्या ओट्यावर महादेवीला बसवलं आणि जट कापली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. डोळ्यांवर काळी पट्टी होती, पण गावाचं नाव होतं, मग पट्टीचा काय उपयोग. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांवर शिक्का मारणं माझं काम आहे. त्या पानावर मी शिक्का मारला. मला आनंद झाला होता, वसू. फोटोत तिचे दोन्ही हात मांडीवर होते. मान धरलेली नव्हती. तो आनंद खोटा नव्हता आणि तो मी आज नाकारणार नाही.

तू त्या गावी गेलीस आणि परत जाताना लातूरच्या स्टँडवर उतरलीस. मी तिथे आले. आपण कँटीनमध्ये बसलो. तू चहा घेतला नाहीस.

"काशीबाईंनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही," तू म्हणालीस. "म्हणाल्या, तुमच्याबिगर कुनालाच सांगितलं न्हवतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्याकडूनच गेलं."

मी कपातल्या चहाकडे बघत होते. "तसं का म्हणालीस?"

"त्या घरातून जे काही बाहेर गेलं ते माझ्यामुळे गेलं. म्हणजे माझ्याकडूनच."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मी मान वर केली नाही, तरी ते मला कळत होतं. वाक्य तयार होतं. चार शब्दांचं. एवढ्यात नांदेडची गाडी लागल्याचं पुकारलं आणि तू पिशवी उचललीस. गाडीपर्यंत मी तुझ्याबरोबर आले. खिडकीतून तू म्हणालीस, "मान दुखायची थांबली असेल तिची. तेवढं बरं झालं."

तुला माहीत होतं का? मी हा प्रश्न सहा वर्षं फिरवते आहे. माहीत असेल तर तू मला वाचवलंस. माहीत नसेल तर मी तुला फसवलं. तू गेलीस, आता यातलं कुठलं खरं हे मला कधीच कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर दोन्हींत माझं वागणं एकच आहे.

तुळशीचं लग्न झाल्यानंतर एका बुधवारी तुझा फोन आला.

"महादेवीचं लग्न ठरलंय. शुक्रवारी. मुलगा बावीसचा आहे, ऊसतोडीला कोयत्यावर जातो. मित्रा, तू तिथल्या कार्यकर्त्यांना, पोलिसांना सांग. लातुरात तुझ्या ओळखी आहेत. हे थांबवता येईल."

मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेलच. मी शब्दन् शब्द लिहिते. मी म्हणाले, "त्यांच्यात तसाच रिवाज आहे ना? आतून समजून घे की."

मग तू विचारलंस, "हे तुला खरंच वाटतं, की मला बोचावं म्हणून बोलतेस?"

मी फोन ठेवला.

दोन्ही नव्हतं, वसू. मला भीती वाटत होती. पुन्हा त्याच माणसांकडे गेले तर पहिल्या वेळचं नाव बाहेर येईल, ही भीती. आणि ती झाकायला मी तुझं म्हणणं पांघरलं. ज्या शब्दावर आमचे वडील ताटावरून उठत, तो मी तोंडानं उच्चारला, आणि एका पोरीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी. आपण कोण ठरवणार, त्यांचं त्यांना बघू दे, असं म्हणणं किती सोयीचं असतं हे मला त्या दिवशी समजलं. घरबसल्या म्हणता येतं. तुला ते कधीच सोयीचं नव्हतं. तू त्यासाठी पंचवीस वर्षं एसटीनं फिरलीस, लोकांच्या ओसरीवर तासन् तास बसलीस, आधी स्वतःच्या घरातलं सांगितलंस आणि मग त्यांचं विचारलंस. मी पायरीसुद्धा न चढता तुझ्या म्हणण्याच्या आड लपले.

शुक्रवारी सकाळी तू नांदेडहून निघालीस. ग्रामसेवकाला सोबत घेतलंस, मांडवाच्या तोंडाशी उभी राहिलीस आणि लग्न थांबवलंस. काशीबाईंच्या नवऱ्यानं तुला काय काय म्हटलं ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तू कधी सांगितलं नाहीस. आठ दिवसांनी त्यांनी पलीकडे कर्नाटकात, नातेवाइकांच्या गावी, गुपचूप लग्न लावलं. महादेवी उसाच्या फडावर गेली.

म्हणजे असं झालं. पहिल्यांदा तू शब्द मोडला नव्हतास. दुसऱ्यांदा मोडलास, सगळ्यांसमोर उभी राहून. मी पहिल्यांदा लपून बोलले आणि दुसऱ्यांदा लपून गप्प बसले. आपल्या दोघींच्या त्या चार-चार पानांवर हे कुठेच नव्हतं.

त्यानंतर तू त्या गावांना जाणं बंद केलंस. जटेवरचं काम अर्धवट राहिलं. आठ महिने आपण बोललो नाही. मग एक दिवस तुझा फोन, आधीचं काहीच न काढता, "तुमच्याकडे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आहे का?" मी म्हटलं, "आहे." "राखून ठेव, मी येते." तू आलीस, दोन तास वाचत बसलीस. दुपारी आपण माझा डबा अर्धा अर्धा खाल्ला. पुन्हा सुरू झालं सगळं. पुस्तकं, बी.पी.च्या गोळ्या, तुझ्या भावाच्या मुलीचं लातुरातल्या क्लाससाठी राहायला येणं. महादेवीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. एखाद्या खोलीला कुलूप लावून घर चालवावं, तसे आपण बोलत राहिलो.

तू जाण्याच्या तीन आठवडे आधी मी तुझ्याकडे आले होते. आपण मेथी निवडत होतो. तू चष्मा काढलास, पुसलास आणि विचारलंस, "तुला काही बोलायचंय का, मित्रा?"

मी म्हटलं, "नाही गं. मेथीच्या काड्या फार जाड आहेत."

तू म्हणालीस, "हो, जून झालीय."

तू दिलेली ती शेवटची संधी होती, हे मला कसं कळणार, असं म्हणून सुटता येत नाही. पहिलीच संधी कँटीनमध्ये होती.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी औशाला गेले. महादेवी तिथे एका खानावळीत पोळ्या करते, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. लातूरहून अर्ध्या तासाचं अंतर. मी कधी गेले नव्हते. आता ती एकोणीस वर्षांची आहे. चार हंगाम उसात काढले, मग कंबरेनं साथ सोडली. नवरा एकटा जातो. चार वर्षांची मुलगी आहे. दुपारची गर्दी ओसरली होती. ती लाटत होती, शेजारी दुसरी बाई भाजत होती.

"ओळखलंस का?"

"लातूरच्या मॅडम न्हवं? बाईंसंगं आल्ताव."

"नांदेडच्या बाई गेल्या, महादेवी."

तिचा हात थांबला. "कवा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मागल्या साली आल्त्या हितं. पोरीला पाटी घेऊन आल्त्या." मग पुन्हा लाटायला लागली.

तू तिथे गेली होतीस, हेही तू मला सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. त्या लोकांना तुझ्याबद्दल बाईंनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं."

तिनं ती पोळी पूर्ण केली, शेजारणीकडे टाकली. दुसरी घेतली. तीही पूर्ण केली. मी उभीच होते.

"आईला सांगितलं का?"

"नाही."

"मंग मला काय सांगताव? आईला सांगा. आई अजूनबी बाईंनाच शिव्या देती. माझ्या हातची भाकर बांधून नेली आन पोरीला पेपरात घातली, मनती."

शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. शेवटी विचारलं, "तुला तेव्हा काय हवं होतं?"

तिला हसू आलं. "सा वर्सांनी इचारायलाव."

"बाईंनी तेव्हा विचारलं होतं तुला."

"इचारलं की. आईसमोर, अव्वासमोर. तिथं काय सांगू? तुमी तर तेवढंबी इचारलं न्हाई." तिनं पिठाचा हात झटकला. "जट नकोच होती मला. मान लई दुखायची. पन आईनं कापाय पायजे होती. घरात. रडत रडत कापली असती तरी चाललं असतं. त्या सायबानं कापली आन सगळे टाळ्या वाजवायलते."

"आणि मोती? पौर्णिमेला बांधले असते तर?"

"ते मला काय ठावं, मॅडम," ती म्हणाली. "बांधलेबी असते."

मी यातून कुठला निष्कर्ष काढू? तू थांबायला तयार होतीस, आणि थांबून राहिलो असतो तर कदाचित पौर्णिमा उजाडली असती. मला थांबवेना, आणि टाळ्या वाजल्या. त्या घरातल्या माणसांचं म्हणणं तू ऐकून घेतलंस, पण त्या घरात ज्याचा आवाज मोठा त्याचंच आधी ऐकू येतं. मला त्या पोरीचं दुखणं दिसलं, पण पोरगी दिसली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, हे फार सरळ झालं, पुन्हा लिही. मग आपण पुन्हा भांडलो असतो. मला आता भांडायला कुणी नाही, हे या सोळा दिवसांत मला सगळ्यात जास्त जाणवलं. माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते यापुढे चुकीचंच राहील.

तरी तुझे उपकार आहेत, वसू. तू माझ्याबरोबर नसतीस तर मी नुसती बरोबर असले असते, आणि चंद्राचं नाव न विचारताच मेले असते.

हा मजकूर मी तुझ्या कॉलेजच्या स्मृतिअंकाला माझ्या नावानिशी पाठवते आहे. त्या मायलेकींची खरी नावं इथे नाहीत. लिहिण्याआधी मी पुन्हा औशाला गेले आणि विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण नाव दुसरं लावा. कुठलं लावू, विचारलं, तर थोडा विचार करून म्हणाली, "महादेवी लावा."

काशीबाई आता उसाच्या फडावर आहेत. पाडव्याच्या सुमाराला परत येतील. मी त्यांच्या घरी जाऊन सांगणार आहे. त्या आत घेतील की नाही, माहीत नाही. तोवर त्यांच्या लेखी शब्द मोडणारी तूच आहेस.